शून्य पाऊसही लिहा



मध्यंतरी चाकणच्या कारखान्यांत लागलेल्या आपल्या पोरांना भेटायला गेलो होतो. त्याच पुणे-नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावजवळ खोडद लागते. त्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. 2013 साली सुरू झालेल्या 'रॅड अ‍ॅट होम' उपक्रमात विज्ञान शिकणारी साधी पोरे इंटरनेटवरून या दुर्बिणींची माहिती तपासू लागली, नव्या दीर्घिका हुडकू लागली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचे पाहता येते. काल आपल्या शिवारात किती मिलिमीटर पडला, हे गावात कुणाला सांगता येत नाही.

हा पैशाचा प्रश्न आहे. ऑगस्ट 2023 आठवा. तेव्हा सलग 21 दिवसांचा खंड पडला तर पीकविम्याचा अग्रिम मिळायचा, आणि खंड ठरायचा मंडळातल्या आकड्यावर. 2017 पासून महावेधची केंद्रे बसली ती महसूल मंडळाला एक. केंद्रावरून एक चांगली सर गेली की कागदावर खंड मोडला, मग तीन कोसांवर तुमची कपाशी माना टाकून का उभी असेना.

अमेरिकेत फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै 1997 मध्ये पूर आला. शहराच्या एका बाजूला ढगफुटी, दुसऱ्या बाजूला बेताचा पाऊस. 1998 पासून तिथे शाळकरी पोरांना हाताशी धरून घरोघर पाऊस मोजणे सुरू झाले, आकडे वेबसाइटवर जाऊ लागले. आज ते जाळे त्या देशभर आहे. आपल्या जिल्ह्यात हे का होऊ नये?

सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा आणि फूटपट्टी एवढ्यावर भागते. (कृषी महाविद्यालयात मी पर्जन्यमापक पाहिला तो परीक्षेपुरता!) डबा झाडाभिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट दूर ठेवायचा. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, तीच आपली. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. पोरे चुकतात ती इथेच. रिकामी जागा म्हणजे पाऊस नव्हता, की पोरगा मामाच्या गावी गेला होता? खंडाचा पुरावा या शून्यांचाच बनतो.

वेबसाइट मराठीत हवी, झगमगाट नको. गाव, तारीख, मिलिमीटर, डब्याचा फोटो. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये थांबावी. घातलेला आकडा पुसता येऊ नये. दुरुस्ती वेगळी दिसावी. पोरांची नावे, फोन नंबर उघड नकोत. शेजारच्या गावांचे आकडे मात्र सर्वांना दिसावेत, कारण मोह आपल्याच माणसांना होणार आहे. विम्यासाठी एक खोटे शून्य घातलेले सापडले की सगळी वही रद्दी.

सरकार हे आकडे लगेच मानणार नाही. तरी तहसीलदारापुढे नुसती कैफियत मांडणे आणि 40 शाळांची तारीखवार नोंद टेबलावर ठेवणे यात फरक आहे.

बांधणार कोण? पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कापूस-ज्वारीवाल्यांचीच पोरे शिकताहेत. ती सुट्टीत गावी आली की त्यांना बैठकीला घेऊन या. मृगाच्या आत दहा शाळा ठरवायच्या आहेत.