मावशी विचारतात : बोटीनं लंडनला जाता येतं का?



गेल्या पौर्णिमेला विहारातील वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि आम्ही दारात चपला शोधत होतो, तेवढ्यात एका मावशींनी आम्हाला गाठले. मावशी आमच्या वस्तीतल्याच. कोल्हापूर शहरात तीस वर्षांहून अधिक काळ सफाईचे काम करून दोन वर्षांमागे निवृत्त झालेल्या. आम्हाला जरा बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारले, "दादा, बाबासाहेब बोटीनं लंडनला गेलं हुतं. आता आपल्याला तसं बोटीनं जाता येतंय का हो?"

आम्ही काही बोलण्यापूर्वीच त्यांचा मुलगा मागून हसत म्हणाला, "आई, तेवढ्या पैशात वरची खोली बांधून हुईल." मावशी त्याच्याकडे न बघता आम्हाला म्हणाल्या, "जलमभर गावाचं घाण पाणी बघितलं. आता एकदा निळं पाणी बघू दे की."

या वाक्यावर आम्ही गप्प झालो. बघून सांगतो, असे म्हणून घरी आलो आणि कपाटातील चरित्रे काढून बसलो. आजचा हा मजकूर म्हणजे मावशींना दिलेले उत्तर आहे. पण असा प्रश्न मनात असलेल्या मावश्या आणखीही असतील, म्हणून तो येथे देत आहोत.

पहिले उत्तर साधे आहे. मुंबईहून लंडनला माणसे घेऊन जाणारी नेमाची आगबोट आता नाही. विमाने आली आणि त्या बोटी बंद पडल्या. आज मोठ्या बोटी आहेत त्या सहलीच्या. कोठे पोचायचे म्हणून नव्हे, तर बोटीवर राहायचे म्हणून लोक त्यांत बसतात. परदेशातल्या समुद्रांत त्या पुष्कळ फिरतात. आपल्याकडेही २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सहली निघतात.

पण बोटीचा प्रवास आखायचा कसा, हे शिकायला कोल्हापूरकराला दूर जायला नको. या गावाचे आणि समुद्राचे नाते जुने आहे, आणि ते सगळेच सुखाचे नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. परत येताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला, तेथे त्यांचे स्मारक आजही आहे.

पुढे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी राजर्षी शाहू महाराज विलायतेला गेले. तो काळ समुद्र ओलांडला की माणूस बाटतो असे मानण्याचा होता. त्याच समारंभाला जयपूरचे महाराज माधोसिंग गेले, ते चांदीचे भलेमोठे हंडे गंगाजलाने भरून बोटीवर चढवून. ते हंडे आजही जयपूरच्या राजवाड्यात बघायला मिळतात. आणि आपल्या कोल्हापूरच्या राजाचे काय? संस्थानातील नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवणारा हुकूम २६ जुलै १९०२ रोजी निघाला, तेव्हा महाराज विलायतेत होते. एकाने नेले पाणी आणि एकाने धाडला हुकूम! असो.

आता मुख्य गोष्ट. बाबासाहेबांच्या सर्व सागरप्रवासांत आमच्या मते संसारी माणसाने नीट अभ्यासावा असा प्रवास १९२० चा. पहिल्यांदा ते १९१३ साली अमेरिकेला गेले, ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. १९३० साली गोलमेज परिषदेला गेले, ते ४ ऑक्टोबरला ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने. ती त्या काळची नवी आणि ऐटदार बोट, आत पोहण्याचा तलाव असलेली. पण तेव्हा ते आमंत्रित प्रतिनिधी होते. १९२० साली मात्र त्यांना कोणी बोलावले नव्हते, आणि शिष्यवृत्तीही नव्हती. लंडनचा अभ्यास १९१७ साली अर्धवट टाकून यावे लागले होते, तो पुरा करायचा एवढेच डोक्यात.

पैसा कसा उभा केला ते पाहा. सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी, पगार महिना साडेचारशे रुपये. त्या दिवसांत हा पगार मोठा. तरी ते परळच्या चाळीतच राहिले आणि पगारातून शिल्लक टाकत गेले. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. आणि शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले. मार्च १९२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील माणगाव येथे परिषद झाली. महाराजांनी तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे असे लोकांना सांगितले, ती हीच परिषद. त्यानंतर चारच महिन्यांत, जुलैमध्ये, बाबासाहेब बोटीत बसले. जुलै म्हणजे अरबी समुद्र खवळलेला. आजच्या सहलीच्या बोटीही पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर सहसा नसतात. पण बाबासाहेब सहलीला निघाले नव्हते.

म्हणजे स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज आणि राजाची मदत, अशा तीन ठिकाणांहून पैसा जमला. हिशेब बरोबर होता. पण तो लंडनमध्ये गेल्यावर फसला, आणि फसला तो त्यांच्या चुकीने नव्हे. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. पुढच्या वर्षी रुपया घसरत एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास आला. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे जो पौंड दहा रुपयांना मिळायचा त्याला पंधरा रुपये पडू लागले. खिशात रुपये तेवढेच, पण लंडनच्या दुकानात ते दोन तृतीयांशच राहिले. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले आणि व्याजासह फेडीन असे कळविले. गंमत पाहा, याच मुक्कामात त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषयच रुपयाचा प्रश्न हा होता! रुपया घसरला की माणसाचे काय होते हे त्यांना पुस्तकाबरोबर पोटातूनही कळत होते. सकाळी पाव आणि चहा, रात्री भाजलेला पापड नि कपभर दूध, यावर त्यांनी दिवस काढले. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० नंबरच्या घरात ते राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज लोक तेथे जाऊन डोके टेकवतात. त्या घरातला पापड मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतो.

इकडे परळला माता रमाईंचा संसार चालू होता. परदेशच्या प्रवासाची गोष्ट सांगताना आपण बोटीत बसलेल्या माणसाचीच सांगतो. धक्क्यावरून परत घरी गेलेल्या माणसाचीही सांगायला हवी. त्या प्रवासाचा अर्धा खर्च रमाईंनी पोटाला चिमटा घेऊन भरला, असे आम्ही म्हणतो. आणि ज्यांनी दीड हजार रुपये दिले ते शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये परतले, तेव्हा पदवी दाखवायला महाराज नव्हते.

मावशींना आम्ही हे सारे सांगितले. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मग म्या जाऊ नये म्हणता?"

छे! आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. सहल म्हणजे बड्या लोकांची चैन, आपण तो पैसा शिक्षणाला नि समाजकार्याला लावावा, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण या बाईने मुलाला शिकवले, मुलीला शिकवले, विहाराच्या बांधकामाला वर्गणी दिली. आता तिने स्वतःसाठी चार दिवस मागितले तर हिशेबाची वही काढून बसणारे आपण कोण? आमचा आग्रह एवढाच की वही तिने स्वतः लिहावी.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही, मावशी आणि त्यांची मुलगी असे तिघे बसलो. मुलगा कामावर होता. पहिली ओळ आम्ही घराची लिहिली. निवृत्तीच्या रकमेला हात लावायचा नाही. ती ठेव दवाखान्यासाठी. आजकाल सहलीलाही हप्त्यावर कर्ज देणारे निघाले आहेत, त्यांच्या दारात जायचे नाही. मग उरली भिशी. ती पुढच्या जानेवारीत लागते. तेवढ्यात लंडन बसत नाही हे मावशींनीच ओळखले. विमान, व्हिसा, तिकडचे राहणे आणि सगळा खर्च पौंडात. परदेशी बोटींचा खर्चही बहुधा डॉलरमध्ये असतो. आज ठरवलेला आकडा जाण्याच्या दिवशी तेवढाच राहील याची खात्री नाही, हे १९२१ सालावरून दिसलेच आहे. मुंबई-गोव्याची बोट मात्र बसते, आणि तिचा खर्च रुपयांत.

जाहिरातीतला आकडा बघून हुरळून जाऊ नये. तो एका माणसाचा असतो, आणि खोलीत दोघे धरून. त्यावर बंदराचा आकार आणि कर वेगळे. एकटे माणूस गेले तर बहुतेक वेळा दुसऱ्या खाटेचेही पैसे पडतात, म्हणून मुलगी बरोबर जाणार. पैसे भरताना पावती कंपनीच्या नावाची घ्यावी, कोणा ओळखीच्या एजंटच्या वहीवरची नको. आमच्या माहितीतील एका कुटुंबाची उत्तर भारताच्या सहलीत अशी फसगत झाली आहे.

सामानाचे सांगायचे तर, १९१७ साली बाबासाहेब परत आले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट युद्धात पाणतीराने बुडाली आणि वर्षांची मेहनत समुद्रात गेली. आज तसे भय नाही, पण धक्क्यावर मोठी बॅग ताब्यात घेतात आणि ती खोलीवर यायला काही तास लागतात. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र आणि एक साडी हातातल्या पिशवीत असावी. घरचे शिजवलेले अन्न बोटीवर नेऊ देत नाहीत. भाकरी आणि कांदा-लसूण चटणी महालक्ष्मी एक्सप्रेसमध्येच संपवावी. बोट लागण्याची भीती असेल तर बोटीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, तेथे हेलकावा कमी. आल्याचा तुकडा चघळावा आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी. बोट सुटण्याआधी जीवरक्षक जाकीट कसे घालायचे आणि संकटात कोठे जमायचे हे शिकवतात. तेव्हा खोलीत झोपून राहू नये.

गोव्याला पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र पुरते. तरी आम्ही मावशींना पासपोर्ट काढून ठेवा असे सुचवले. ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मदाखल्याचीच सक्ती नाही, शाळेचा दाखला किंवा पॅन कार्डही चालते. मोठ्या माणसाच्या साध्या पासपोर्टची फी दीड हजार रुपये, साठीच्या पुढे थोडी सवलत. दीड हजार हा आकडा ऐकून मावशी हसल्या. "शाहू म्हाराजांनी दिल्यालंच की!" म्हणाल्या.

पण कागद काढून बघतो तो शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर एक, पॅनवर तिसरेच. तीन कागदांवर तीन बायका! मुलगी आता ते दुरुस्त करण्याच्या मागे आहे. आमच्या भगिनींनी आपापले कागद आजच काढून ताडून पाहावेत. बोटीत बसायचे नसले तरीही.

शेवटी खोलीचा प्रश्न आला. बिनखिडकीची खोली स्वस्त, खिडकीची महाग. आम्ही काटकसरीचा सल्ला दिला, की दिवसभर वरच्या डेकवर बसा, समुद्र तोच दिसतो. मावशींनी वही आपल्याकडे ओढली आणि म्हणाल्या, "रातच्याला जाग आली तर? खिडकी पायजे." फरकाची रक्कम मुलगा देतो म्हणाला आहे. वरच्या खोलीचे काम दिवाळीनंतर बघणार आहेत.