गणवेश आणि सोंग

क्रूझवर प्रवाशांनी खलाशाचा, वेटरचा किंवा कप्तानाचा वेश घालून मिरवू नये. गंमत म्हणूनही नाही आणि 'थीम नाइट' म्हणूनही नाही. मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना पुढचं वाचायचे कष्ट नकोत.

जुन्नरच्या माणसाने बोटीवर लिहावं याचं काहींना हसू येईल. पण मंडळी, सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून आमच्याकडेच यायचा, आणि इथल्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे शिलालेख आजही आहेत. तेव्हा समुद्राशी आमचं नातं तसं जुनंच! असो.

विषय निघाला तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमची पुण्याची आणि ठाण्याची मंडळी मिळून चौदा जण मुंबईहून क्रूझने गोव्याला निघाली आहेत. आनंद आहे. त्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं, की एका संध्याकाळी सगळ्यांनी 'क्रू' व्हायचं. पुरुषांनी खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचे पांढरे शर्ट घालायचे, बायकांनी जाकीट घालून हातात ट्रे घ्यायचा. (पट्ट्या पुरुषांना आणि ट्रे बायकांनाच का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) शर्ट ऑनलाइन मागवूनही झाले. मी 'असं करू नका' एवढंच लिहिलं, तर उत्तरादाखल सात हसरे चेहरे आले. म्हणून आता सविस्तर.

गणवेश म्हणजे काय? शाळेत आम्ही शिस्त, समानता वगैरे सांगायचो. पण नोकरीतल्या माणसाचा गणवेश त्याहून पुढची गोष्ट सांगतो. 'मला विचारा, उत्तर द्यायला मी बांधलेला आहे,' असं तो सांगत असतो. नारायणगावच्या एसटी स्टँडवर एखादी म्हातारी खाकीतल्या कंडक्टरला नाव-गाव न विचारता हक्काने विचारते, 'दादा, मंचरची गाडी कोणती?' तो विश्वास कंडक्टरवर नसतो, तो त्या खाकीवर असतो.

आमच्या भागात याची खरी परीक्षा बिबट्या घेतो. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात आणि चारही तालुक्यांत ऊस मुबलक. बिबट्या विहिरीत पडला किंवा वस्तीत शिरला की अर्ध्या तासात सगळा गाव तिथे. ती गर्दी आवरायला वनखात्याची माणसं चार-दोनच, आणि लोक त्यांना ओळखणार कपड्यांवरून. हल्ली तसल्याच खाकी पँटी आणि मिलिटरी छापाचे टी-शर्ट घातलेली हौशी पोरंही काठ्या घेऊन पुढे असतात. एक म्हणतो इकडे सरका, दुसरा म्हणतो तिकडे पळा. कडेवर पोर घेतलेल्या बाईने ऐकायचं कुणाचं? त्या पोरांचा हेतू वाईट नसतो, हे मीही मान्य करतो. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये सैन्याने लोकांना लष्करी छापाचे कपडे वापरू नका असं आवाहन केलं, तेही हौशी लोकांच्या हेतूवर शंका घेऊन नव्हे. खरा कोण आणि हौशी कोण हे ऐनवेळी ओळखता यावं, म्हणून.

आता बोटीकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, संकट आलं तर कप्तान आणि त्याचे अधिकारी बघून घेतील, वेटरचा काय संबंध? उलट आहे. एवढ्या मोठ्या बोटीवर हजारो प्रवाशांना जमायच्या जागी नेणं, लाइफ जॅकेट घालून देणं, मोजणं, लाइफबोटीत बसवणं, यातलं बरंचसं काम खोल्या झाडणारे आणि जेवण वाढणारेच करतात. प्रत्येकाला त्याचं काम नेमून दिलेलं असतं आणि त्याचं प्रशिक्षणही झालेलं असतं. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीतल्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटली. चार हजारांवर माणसं बोटीवर होती. त्यातल्या त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकाळची कवायतही झालेली नव्हती. ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले, बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत सक्तीची झाली. त्या कवायतीत प्रवाशाला सांगतात काय, तर गणवेशातली माणसं सांगतील तसं करा. आणि आमची मंडळी त्याच बोटीवर चौदा खोटे गणवेश घेऊन चढणार!

'आबा, त्याच संध्याकाळी बोट बुडणार आहे का?' असं भाचा म्हणाला. बाबा रे, बोट बुडायलाच कशाला हवी? रात्री अकराला एखाद्या आजोबांच्या छातीत कळ येते. आजी घाबरून बाहेर येतात आणि समोर दिसेल त्या पांढऱ्या शर्टाचा हात धरतात. तो शर्ट तुझा निघाला तर? डॉक्टर कोणत्या मजल्यावर आहे, हे तुला ठाऊक आहे?

एकाने बहुरूप्याचा दाखला दिला. आपल्याकडे सोंगाची परंपरा आहे म्हणाला. दाखला चांगला आहे, मलाही बहुरूपी प्रिय. माझ्या लहानपणी सुगीला यायचा, अंगात पोलिसाचा डगला, हातात दंडुका, आणि अख्ख्या आळीला 'वॉरंट' काढायचा. पण तो सोंग घ्यायचा ते फौजदाराचं, ज्याला गाव भ्यायचा त्याचं. आणि शेवटी हात जोडून बिदागी मागायचा, तिथे सोंग संपायचं. इथे तिकीट काढून आलेला पाहुणा आपल्याच ताटात वाढणाऱ्याचं सोंग घेणार. यात परंपरा कुठली? (लहान मुलांचं वेगळं. शिवजयंतीला शिवनेरीवर कोळशाच्या मिशा काढलेले पाच वर्षांचे शिवबा येतात, त्यांना कुणी गडाच्या किल्ल्या मागत नाही.)

'आम्ही त्यांचा सन्मानच करतोय' हा शेवटचा युक्तिवाद. घोडेगावकडचा माझा एक विद्यार्थी परदेशी क्रूझवर खोल्या लावायचं काम करतो. आंतरराष्ट्रीय करारात खलाशाला २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्या असं आहे. म्हणजे उरलेले १४ तास राबवलं तरी नियमात बसतं. त्याला फोनवर हा बेत सांगितला. तो जरा थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, पाहुण्यांनी केलं तर आम्ही टाळ्या वाजवू. नाही म्हणायची सोय नसते आम्हाला." सन्मान करायचा असेल तर त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून नावाने हाक मारा. हॉटेलात 'ए, शुक शुक' करणारे आपल्या चौदांतही आहेत, नावं घेत नाही.

हा सन्मान आम्ही घरबसल्याही बघतो. २०१८ मध्ये जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला, कृषी पर्यटनही वाढलं, चार पैसे आले, चांगलंच झालं. शहरातले पाहुणे धोतर-पागोटं घालून बैलगाडीत बसतात. यजमान स्वतःच फेटा बांधतो, आणि कांद्यावर कोणतं औषध मारू असं त्या पाहुण्याला कुणी विचारत नाही, म्हणून मी त्यावर कधी बोललो नाही. पण परवा एका शेतात बघितलं. फोटोसाठी पाहुण्यांनी निंदणाऱ्या बायकांची खुरपी मागून घेतली होती आणि त्या बायका खुरपी परत मिळायची वाट बघत बांधावर उभ्या होत्या. फोटो बराच वेळ चालला.

कुणाचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त 'आबा, तुम्ही कधी क्रूझवर गेलात का?' एवढं विचारू नका. नाही गेलो.