माळ्यावरचा डिस्कमन

बडोद्याच्या गोरवा भागातील एखाद्या मराठी घरात माळा आवरताना जुना डिस्कमन सापडावा, आणि भंगारवाल्याच्या तराजूत पडण्यापूर्वीच विशीतल्या नातवाने तो उचलून घ्यावा, यात आता नवल उरलेले नाही. जे यंत्र कालबाह्य म्हणून आपण टाकून दिले, त्याचे नव्या पिढीला आकर्षण वाटते. याला केवळ हौस म्हणून हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात पहिले सीडी-यंत्र विक्रीस आले आणि १९८४ मध्ये सोनीने ते हातात मावेल एवढे केले. आपल्याकडे ते बहुधा परदेशस्थ आप्तांच्या सामानातून आले. त्याचे दोष विसरू नयेत. ते बॅटऱ्या गिळत असे आणि जरा धक्का बसला की गाणे अडखळे. पुढील काही सेकंदांचे संगीत आधीच स्मृतीत साठविण्याची युक्ती नंतर निघाली. पण आपल्या रागसंगीताला या तबकडीने जे दिले, ते मोठे होते. ज्या बडोद्यात फैयाज खाँसाहेब दरबारगायक होते आणि जेथे १९५० साली त्यांचे देहावसान झाले, त्या नगरीला हे सांगावयास नको. त्यांच्यासारख्या गवयाला जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत राग आटोपावा लागे. सीडीने चौऱ्याहत्तर मिनिटांचा सलग अवकाश दिला. शिवाय ती विकत घेणाऱ्याच्या मालकीची असे. मासिक वर्गणीच्या आजच्या संगीतासारखी करार संपताच रातोरात नाहीशी होत नसे.

खरा प्रश्न घरी लिहिलेल्या तबकड्यांचा आहे. खाजगी बैठकींची कित्येक ध्वनिमुद्रणे केवळ त्यांच्यावरच उरली असतील, आणि त्यांतील रंगद्रव्य छापील सीडीपेक्षा लवकर विरते. सयाजीरावांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयाने एकेकाळी मॅजिक लँटर्नच्या काचाही लोकशिक्षणासाठी फिरविल्या होत्या. त्याच ग्रंथालयाने आता एक चालू यंत्र व एक जाणता कारागीर ठेवून, गायक-वादकांच्या वा त्यांच्या वारसांच्या संमतीने या तबकड्यांच्या प्रती करून घ्याव्यात. यास फार मोठा खर्च येणार नाही. घरोघरच्या मंडळींनीही दिवाळीच्या साफसफाईपूर्वी कपाटे एकदा तपासून पाहावीत आणि प्रत्येक तबकडीवर गायकाचे, साथीदारांचे नाव व बैठकीचे वर्ष, ठाऊक असेल तेवढे, लिहून ठेवावे.