औषधाचा डोस अंदाजाने नको

आपल्या गोठ्यांतील एक सवय फार जुनी आहे. म्हशीसाठी आणलेली औषधाची बाटली उरली की ती शेळीला पाजायची. शेळीचे वजन म्हशीच्या दहावा भाग, म्हणून औषधही दहावा भाग. हा हिशेब सरळ दिसतो, पण तो धोक्याचा आहे, असे आम्हाला स्पष्ट सांगावेसे वाटते. डोस वजनावरून ठरतो हे खरे. परंतु पुष्कळशी औषधे अंगात किती वेळ टिकणार, हे जनावराचे यकृत ठरवते.

यकृत म्हणजे खाटकाकडे मिळणारी कलेजी. तिच्यातील एन्झाइम औषधाचे रूप पालटतात आणि मग ते लघवीतून किंवा शेणातून बाहेर पडते. सायटोक्रोम पी-४५० हे या एन्झाइमांचे मोठे कुटुंब. प्रत्येक जातीच्या जनावरात त्यांच्या कामाचा वेग निराळा असतो. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही जंतांची औषधे शेळीचे यकृत मेंढीपेक्षा लवकर संपवते. त्यामुळे ती शेळीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागतात. कमी पाजली तर चिवट जंत तेवढे जगतात, त्यांचीच पैदास वाढते, आणि पुढे ते औषध लागू पडेनासे होते. उलट लेव्हामिसोल बेताबाहेर गेले तर शेळी दगावू शकते. नुकत्याच जन्मलेल्या वासरात हे एन्झाइम पुरते तयार झालेले नसतात. लिव्हर फ्लूकने पोखरलेले यकृतही मंदावते. तेव्हा एकच डोस सर्वांना कसा चालेल?

कधी कधी यकृत एका औषधाचे दुसरे औषध बनवते. असिक्लोफिनॅक गाईम्हशींच्या अंगात गेले की त्याचे डायक्लोफिनॅक होते. सुजेवरच्या या औषधाचा अंश मेलेल्या जनावरात राहिला आणि ते गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली, असिक्लोफिनॅकवर २०२३ साली. माणसांच्या दुकानातून ही औषधे आणून गुरांना टोचणे म्हणूनच गैर आहे. गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

आता दुधाविषयी. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये ते छापलेले असते. यकृत व मूत्रपिंड यांना आपले काम उरकण्यास लागणारे ते दिवस आहेत. दूध उकळल्याने औषध जातेच असे नाही. एकाच म्हशीवर घर चालवणाऱ्याला चार दिवसांचे दूध सोडणे किती जड जाते, हे आम्ही जाणतो. तरीही ते दूध डेअरीत घालू नये, असेच आमचे मत आहे. आपला रतीब शेजारच्या तान्ह्या लेकराच्या वाटीत जातो. त्याच्या आईला त्यातले औषध दिसत नाही, ते आपल्यालाच ठाऊक असते.

यासाठी मोठी विद्या लागत नाही. औषध देण्यापूर्वी पशुवैद्यांना जनावराची जात, वय, वजन आणि ते गाभण आहे की दुभते, एवढे सांगावे. औषधाचे नाव व तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहावी, आणि दूध पुन्हा केव्हा घालायचे त्या दिवसावर खूण करावी. उरलेली बाटली मात्र दुसऱ्या जनावरासाठी जपून ठेवू नये.