बापाची रापी आणि सरकारचं सर्टिफिकेट

बाजारात सध्या एक नवा शब्द आलाय. हेरिटेज. ज्या कामापायी आमच्या आज्याला गावात पाणी वरून ओतलं जायचं, त्या कामाला आता हेरिटेज म्हणायचं. शहरातल्या प्रदर्शनात पांढऱ्या भिंतीवर चप्पल टांगायची, खाली चिठ्ठी चिकटवायची. मग आमची पोरं हॉलमध्ये गोळा करायची, चहा-बिस्कीट द्यायचं आणि वर उपदेश, बाळांनो, परंपरा जपा!

मी नंदुरबारचा, चांभाराचा पोरगा. बापानं जन्मभर रापी चालवली, आरीनं बोटं टोचून घेतली. तेव्हा कारागिरीचं मोठेपण मला कुणी सांगू नये. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं किती मुरवायचं, पायाच्या कुठल्या भागाला कुठलं कातडं लावायचं, यात शास्त्र आहे. पक्कं शास्त्र आहे. पण त्या शास्त्रापायी बापाला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. चांभार म्हटलं, आणि म्हणताना तोंड वाकडं केलं.

आता १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त काढून, दिल्लीनं पीएम विश्वकर्मा योजना आणली. १३ हजार कोटींची. त्यातले अठरा धंदे वाचा. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, न्हावी, धोबी, चांभार, टोपल्या-झाडू करणारे... मला तर वाटलं, बलुतेदारीचं जुनं रजिस्टर कुणीतरी धूळ झटकून पुन्हा टेबलावर ठेवलंय. अट काय? धंदा घराण्यातला, परंपरेनं चालत आलेला पाहिजे. वय अठरा पुरं पाहिजे. मग पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, १५ हजारांची हत्यारं आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाखाचं, मग दोन लाखांचं कर्ज.

साहेब म्हणतात, यात जात कुठं विचारलीय? बरोबर आहे. विचारायची गरजच काय? चपला शिवणाऱ्याच्या घराण्याची जात या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

आणि पाच दिवसांत काय शिकवणार? ज्याला येतं त्याला यायचंच आहे, ज्याला येत नाही त्याला पाच दिवसांत येणार नाही. पोराला तेवढं सर्टिफिकेट मिळतं, बापाच्या धंद्यावर सरकारचा शिक्का. अठरा म्हणजे बारावीनंतरचं वय. नर्सिंगला जावं, आयटीआयला जावं, का बी.ए.ला, हे ठरवायचं वय. घरात पैसा नाही. त्याच वेळी लाखाचं कर्ज समोर येतं, तेही बापाच्याच धंद्याचं. एकदा घेतलं की हप्ते फेडायला तोच धंदा करायचा. जुन्या काळी वतन होतं, आता हप्ता.

हा डाव नवा नाही. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी असंच फर्मान काढलं होतं. पोरानं अर्धा दिवस शाळेत बसायचं, उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकायचा. लोकांनी याला कुलशिक्षण म्हणून झोडपलं. १९५४ साली राजाजींना जावं लागलं, कामराज आले आणि ती योजना गुंडाळली गेली. त्याच तामिळनाडूनं २०२४ साली विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. घराण्याची अट काढा, वय ३५ करा, म्हणजे ज्यानं समजून-उमजून धंदा धरला त्यालाच मदत मिळेल, असं कळवलं. महाराष्ट्रात मात्र वर्षपूर्तीचा सोहळा वर्ध्यात झाला! फुले-आंबेडकरांचं नाव घेणारं हे राज्य. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. वाचतो कोण?

बरं, धंदा करायचाच म्हटला तर कातडं कुठून आणू? २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी. २०१६ साली गुजरातेत उन्याला मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून लोखंडी सळ्यांनी मारलं. ज्या हातांची कला जपायची म्हणता, त्याच हातांवर तुमची माणसं सळ्या घालतात. हा धडा कुठल्या प्रशिक्षणात आहे?

आमच्या जिल्ह्याचं बघा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात शंभरात जवळपास सत्तर आदिवासी आणि साक्षरता ६४ टक्के, राज्यात सगळ्यांत कमी. नवापूरकडचा कोतवालिया सूप-टोपली अशी विणतो की पाहत राहावं. त्याला काय शिकवता? त्याला बांबू पाहिजे. २०१७ साली कायद्यानं बांबूला झाडांतून वगळलं, पण जंगलाबाहेरच्या. जंगलातल्या बांबूवर २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाचा हक्क आहे, तो मिळवता मिळवता माणूस म्हातारा होतो. म्हणून पोरं सुरतेच्या गाडीत बसतात, ऊसतोडीला जातात. तुम्ही म्हणता, कौशल्य कमी आहे.

आणि कला महाग झाली की जाते कुठं तेही बघा. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडानं तसलीच चप्पल मिलानच्या शोमध्ये चालवली, त्या वेळी कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता. बोंब झाली तेव्हा कबूल केलं.

मी कारागिरीच्या विरुद्ध नाही. ज्याला आवडतं त्यानं जरूर करावं, आणि त्यात त्याला पोटभर मिळावं. घराण्याची अट तेवढी काढा. चामड्याच्या वर्गात जोशी-देशपांडे-पाटलांची पोरं बसवा, त्यांनाही रोज पाचशे द्या, त्यांच्याही नाकाला तो वास लागू द्या. आमच्या पोरांना संगणकाच्या, यंत्राच्या, औषधाच्या वर्गात बसवा, आणि तिथंही रोजचे पाचशे द्या. कोतवालियाला बांबूचा हक्क कागदावर द्या.

तोवर एक काम करा. तुमच्या तालुक्यात असला वर्ग लागला तर वही घेऊन जा. माणसांची नावं नकोत. शिकायला कुठल्या जातीची पोरं बसलीत, शिकवणारा कोण, उद्घाटनाला खुर्चीवर कोण, माल विकत घेणारा व्यापारी कोण, एवढं लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.