विश्लेषण : ‘रिटायरमेंट होम’ पाहायला जाताय? बाग नंतर पाहा, आधी करार मागा

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीच्या वरचा कांदा पाहून कोणी डोळे झाकून बोली लावत नाही. व्यापारी ढिगात हात घालतो, खालचा माल वर काढून पाहतो. खळ्यावर माल वेगळा निघाला तर वांधा पडतो. याच परिसरातली माणसे निवृत्तीनंतरचे घर पाहायला जातात, तेव्हा मात्र ही पारख घरीच राहते. हिरवळ, योगा हॉल, देऊळ आणि चहा-बिस्किटे यांवर मन बसते आणि त्याच दिवशी टोकन दिले जाते.

मुले पुण्यात, बंगळूरुत किंवा परदेशात. गावात मोठे घर आणि त्यात दोनच माणसे. रात्री-अपरात्री छातीत दुखले तर मोठ्या रुग्णालयासाठी नाशिक गाठायचे. अशा घरांत ‘रिटायरमेंट होम’चा विषय निघणे स्वाभाविक आहे, त्यात कमीपणाही काही नाही. प्रश्न एवढाच की आयुष्यभराची पुंजी जिथे टाकायची, तिथे नेमके काय विचारायचे?

वृद्धाश्रम आणि रिटायरमेंट होम यात फरक काय?

वृद्धाश्रम बहुधा संस्था किंवा ट्रस्ट चालवते, तिथे खोली किंवा खाट मिळते. रिटायरमेंट होम हा बहुतेकदा बांधकाम प्रकल्प असतो. पुण्यातील परांजपे स्कीम्सचे ‘अथश्री’ किंवा नेरळची डिग्निटी लाइफस्टाइल टाउनशिप ही महाराष्ट्रातली परिचित नावे.

पहिला प्रश्न इथेच विचारायचा : आम्ही नेमके काय घेतोय? फ्लॅटची मालकी, ठराविक वर्षांचा भाडेपट्टा, की अनामत भरून फक्त राहण्याचा हक्क? मालकी असेल तर घर वारसांकडे जाते. राहण्याचा हक्क असेल तर मागे फक्त अनामत उरते, तीही कराराप्रमाणे. विक्री प्रतिनिधी तिन्हींना ‘आपले घर’च म्हणतो. कागद तसे म्हणत नाही.

‘महारेरा’चे नियम काय सांगतात?

ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांबाबत केंद्राने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे आणली. ‘महारेरा’ने २०२४ मध्ये महाराष्ट्रासाठी स्वतंत्र निकष ठरवले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, त्यात व्हीलचेअर मावली पाहिजे. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा आणि एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. न्हाणीघरात आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी आणि आपत्कालीन घंटा हवी.

त्यामुळे पाहायला जाताना खिशात मोजपट्टी असू द्यावी. न्हाणीघराचे दार स्वतः मोजावे, घंटा दाबून पाहावी आणि माणूस किती मिनिटांत येतो ते घड्याळात पाहावे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर टाकला की मंजुऱ्या आणि ताब्याची तारीख दिसते. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पण हे सगळे निकष भिंती, दारे आणि जिन्यांचे आहेत. रात्री नर्स असेल का, जेवण कसे असेल, दरमहा शुल्क किती वाढेल, याची हमी त्यातून मिळत नाही. वांधा पडतो तो नेमका इथेच.

दरमहाचा खर्च कसा तपासायचा?

‘महिन्याला किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल आणि ती वाढ कोण ठरवेल?’ हा खरा प्रश्न.

एक साधा हिशेब पाहा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्याचे महिन्याला २०,५०० रुपये होतात आणि पाच वर्षे तेवढेच राहतात. समजा, प्रकल्पाचे मासिक शुल्क आज २० हजार आहे आणि दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. पाच वर्षांनी ते २९ हजारांच्या पुढे जाते, नऊ वर्षांनी दुप्पट होते. म्हणजे पहिल्या वर्षी पुरणारे व्याज पाच वर्षांनी जवळपास नऊ हजारांनी कमी पडते. तेव्हा माणसाचे वय ७५ असेल, तर तो पैसा आणणार कुठून?

म्हणून हेही विचारा : शुल्कात जेवण धरले आहे का? जीएसटी वेगळा आहे का? दोघांपैकी एक महिनाभर मुलाकडे गेला तर किती कमी होतात? वीज, धुणी, डॉक्टरची फी कोणाकडे?

आजारपणात काय होणार?

‘डॉक्टर ऑन कॉल’ या शब्दांवर समाधान मानू नये. रात्री दोन वाजता आवारात नर्स आहे की फक्त वॉचमन? रुग्णवाहिका स्वतःची आहे की फोन करून मागवायची? जवळच्या रुग्णालयात हृदयविकाराचे उपचार होतात का, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तिथे पोचायला किती वेळ लागतो?

सगळ्यांत अवघड प्रश्न स्मृतिभ्रंशाचा किंवा अंथरुणाला खिळण्याचा. अनेक प्रकल्प स्वतः हिंडू-फिरू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठीच आखलेले असतात. तब्येत ढासळली की ‘केअरटेकर ठेवा’ किंवा ‘दुसरीकडे हलवा’ असे सांगितले जाते. ते कोण ठरवणार, किती दिवसांची मुदत मिळणार, हे करारात आहे का? ज्या दिवसासाठी घर घेतले, त्याच दिवशी ते सोडावे लागणार असेल, तर बागेचा उपयोग काय?

दोघांपैकी एक गेल्यावर?

हा प्रश्न मुले विचारत नाहीत आणि आई-वडील टाळतात. करार एकाच्याच नावावर असेल तर मागे राहिलेल्याचा हक्क टिकतो का? मुलाचे वय कमी असेल तर त्याला तिथे राहता येईल का, की फक्त विकता येईल? विकायचे तर ग्राहक ज्येष्ठच हवा का, कंपनीची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागते का? अनामत किती दिवसांत परत मिळते, त्यातून किती कापली जाते? उत्तरे तोंडी नकोत, कलम दाखवायला सांगावे.

कुंपणाबाहेर काय आहे?

लवासा शहर उभारणाऱ्या कंपनीविरुद्ध २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याच शहरात दुसऱ्या कंपनीचा ज्येष्ठांसाठीचा प्रकल्पही आहे. धडा सरळ आहे : घर बांधणारा एक आणि रस्ता, पाणी, दवाखाना पुरवणारा दुसरा असेल, तर दोघांचीही तब्येत तपासावी लागते. सेवा देणारी कंपनी उद्या निघून गेली तर तिची जागा कोण घेणार, रहिवाशांची सोसायटी झाली आहे का, हेही विचारावे.

भेटीला कसे जावे?

एकदा ठरवून आणि एकदा न सांगता जावे. जेवणाच्या वेळी जाऊन तेच ताट मागावे. बाजरीची भाकरी आणि ठेचा खाणाऱ्याला रोजचे तिथले जेवण सोसेल का, ते तिथेच कळेल. कर्मचारी जवळ नसताना चार रहिवाशांशी बोलावे. गेल्या वर्षी किती जण सोडून गेले, आणि का, हे विचारावे. लासलगावच्या ओट्यावर येता-जाता हाक मारणारी माणसे असतात. तिथे ज्याच्याशी मनमोकळे बोलता येईल असे कोणी आहे का, याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही.

गावचे घर लगेच विकावे का?

नाही. आधी महिनाभर पैसे भरून राहून पाहावे, शक्यतो पावसाळ्यात. त्यानंतरही वर्षभर गावच्या घराला कुलूप लावून ठेवावे. घर मुलांच्या नावे करून नवा खर्च त्यांच्यावर सोपवायचा असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात असू द्यावेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ही अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

दाराची रुंदी नियमात आली, हे चांगलेच झाले. आता सेवेचा दर्जा, शुल्कवाढीची मर्यादा आणि आजारपणातला राहण्याचा हक्क यांनाही नियमात जागा मिळायला हवी. तोपर्यंत करार हेच एकमेव संरक्षण आहे. आणि तो वाचून प्रश्न विचारण्याचा पहिला मान मुलांचा नाही, तिथे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांचा आहे.