बांगडा, बर्फ आणि खानदेशचा उन्हाळा

रविवारी रात्री आठनंतर जळगावहून भुसावळकडे किंवा धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चक्कर मारून पाहावी. दिव्यांच्या रंगीत माळा, मोठ्याने लावलेली गाणी, गाड्यांची गर्दी, आणि फलकावर शेवभाजीच्याही वर ठळक अक्षरांत सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी! भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या मुलखात समुद्र असा चालत आला आहे. कोपऱ्यातल्या टेबलांवर जोडपी बसलेली असतात. मला हे दृश्य आवडते, हे आधीच सांगून टाकतो. नवरा-बायकोने दोघांनीच बाहेर जेवायला जाणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नव्हे. पुष्कळ घरांत अजूनही ‘देवदर्शनाला जाऊन येतो’ असे सांगूनच निघावे लागते. आणि ज्या घरात मासळी शिजत नाही, त्या घरातल्या सुनेच्या ताटात मासा पडतो तो इथेच. तेव्हा ‘बाहेरचे खाऊ नका’ असे चार ओळींत बजावून हे सदर भरण्याची माझी इच्छा नाही.

मात्र समुद्र खरोखर चालत आलेला नसतो. तो पेट्यांत, बर्फात, ट्रकमध्ये किंवा रेल्वेत बसून आलेला असतो. मुंबई ते जळगाव हे अंतर रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. सुरत ते धुळे दोनशेहून अधिक. त्यात आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो हे वाचकांना मी सांगायला नको. या प्रवासात बर्फ किती वेळा वितळला आणि किती वेळा नव्याने घातला, हे मसाल्याच्या वासावरून कळत नाही.

काही काळापूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. माहेर मालवणकडचे, सासर जळगावचे. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलतो. लग्नाच्या वाढदिवसाला दोघे अशाच एका गजबजलेल्या हॉटेलात गेले होते. तळलेला बांगडा मागवला, एकाच ताटलीतून दोघांनी खाल्ला. अर्ध्या तासाच्या आत बाईंचा चेहरा लालबुंद झाला, मान आणि छाती तापल्यासारखी झाली, डोके ठणकू लागले, छातीत धडधड, अंगाला खाज. रात्री एका दवाखान्यात इंजेक्शन मिळाले, बरे वाटले, आणि कागदावर शेरा पडला: ‘माशांची ॲलर्जी. मासे आयुष्यभर वर्ज्य.’ सासूबाईंनी त्यावर शिक्कामोर्तब केले. ‘समुद्राचं खाणं आपल्याकडं बाधतंच!’ चार वर्षे त्या बाईंनी माशाला हात लावला नव्हता. माहेरी गेल्या की सगळ्यांच्या ताटात कालवण, आणि यांच्या ताटात बटाट्याची भाजी. मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, माझं सगळं लहानपण बांगड्यावर गेलं. तेव्हा काही झालं नाही, मग आताच असं कसं झालं?’

प्रश्न अगदी रास्त होता. मी यजमानांना विचारले, ‘त्या रात्री तुम्हाला काही झालं होतं का?’ ते थोडे संकोचले. त्यांचेही कान-तोंड तापले होते, डोके दुखत होते. पण बायकोची अवस्था पाहून त्यांनी स्वतःचे कुणाला सांगितलेच नाही. ‘मला वाटलं घाबरल्यामुळं झालं असेल.’

पुरुष मंडळी दवाखान्यात असले तपशील गिळून टाकतात, आणि निदान तिथेच चुकते. ॲलर्जी ही ज्याच्या त्याच्या शरीराची असते. दोन वेगळ्या घरांत जन्मलेल्या माणसांना एकाच ताटलीतून, एकाच अर्ध्या तासात ती व्हावी हा योगायोग फारच दुर्मिळ. दोघांना एकदम झाले, तर संशय माशावर घ्यावा.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा पदार्थ नैसर्गिकपणेच भरपूर असतो. मासा मेल्यावर उबेत राहिला की त्यावरचे जंतू त्याचे हिस्टामीन करतात. ॲलर्जीत आपले शरीर जे हिस्टामीन स्वतः सोडते, तेच इथे बाहेरून, तयार होऊन पोटात जाते. म्हणून लक्षणे हुबेहूब सारखी. यातली खरी मेख अशी की, एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवून जात नाही, तळून जात नाही, पुन्हा बर्फात ठेवूनही जात नाही. कढई कितीही तापलेली असो. मासा नासका लागेलच असेही नाही; कधी जिभेला मिरीसारखी चरचर जाणवते, पण आपल्या काळ्या मसाल्यात ती कुणाला कळणार? पापलेटात आणि आपल्या नदी-तलावांतल्या माशांत हा धोका पुष्कळच कमी.

हा त्रास बहुधा काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात ओसरतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या ॲलर्जीच्या साध्या औषधांनी आटोक्यात येतो. मात्र श्वास लागला, घसा आवळला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर हे की ते याचा काथ्याकूट न करता थेट रुग्णालय गाठावे. कोळंबी-खेकड्याची खरी ॲलर्जीही असते, ती बहुधा जन्मभर राहते आणि जीवावरही बेतू शकते. म्हणून ‘बघू या आता काय होतं’ म्हणत घरच्या घरी परीक्षा घेऊ नये. त्या बाईंनाही मी तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवले. ॲलर्जी नव्हती. पुढच्या मे महिन्यात माहेरी जाऊन त्यांनी काय खाल्ले ते सांगायला नकोच.

मग आपण खानदेशातल्या माणसांनी करावे काय? माझे मत काहींना उलटे वाटेल. ‘अगदी ताजे’ म्हणून जो मालक छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापेक्षा ‘गोठवलेले आहे’ असे सरळ सांगणारा मला अधिक भरवशाचा वाटतो. मासा पकडल्यावर लगेच गोठवला आणि उणे अठरा अंशांवर सलग ठेवला, तर तो दोन दिवस अर्धवट वितळलेल्या बर्फात पडलेल्या ‘ताज्या’पेक्षा केव्हाही बरा. बिघडते ते वितळवून पुन्हा गोठवण्यात. रात्री वीज गेल्यावर तुमच्या फ्रीजरचे काय होते, हे मालकाला विचारायला लाजू नये. आपण साडी घेताना पदर उलटून पाहतो. माशाला का सोडावे? कच्चा मासा दाखवा म्हणावे. डोळे खोल गेलेले, कल्ले तपकिरी पडलेले, दाबल्यावर खळगा तसाच राहणारा मासा परत पाठवावा. कापून मसाला लावून ठेवलेल्या तुकड्यांत यातले काहीच दिसत नाही, म्हणून तिथे माझा हात आखडतो.

तारखेचेही भान हवे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आणि आपली श्रावणाआधीची मांसाहाराची झुंबड बहुतेक वर्षी नेमकी याच सुमारास उडते! त्या दिवसांत ‘काल रात्री बंदरावर उतरलेली सुरमई’ कुणी वाढत असेल, तर ती कोणत्या बंदरावर उतरली, असे जरूर विचारावे. मासळी टिकवण्यासाठी नको ते मार्गही निघतात. 2018 साली केरळ आणि गोव्यात मासळीत फॉर्मेलिन सापडल्याच्या बातम्यांनी केवढी खळबळ माजली होती! गोव्याने तर बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदीच घातली. जिथे समुद्र दारात आहे तिथली ही गत.

मला तर गंमत वाटते ती आपल्या मानसिकतेची. हतनूर आणि गिरणा धरणांचे पाणी आपल्या उशाला. रोहू, कटला, मरळ, वाम हे मासे सकाळी जाळ्यात आणि संध्याकाळी कढईत येऊ शकतात. पण पाहुण्यांसमोर रोहू मागवणे कमीपणाचे आणि तीनपट पैसे देऊन थकलेली सुरमई मागवणे प्रतिष्ठेचे! हॉटेलवाल्यांनीही फलकावर तापीचा मासा ठळक अक्षरांत लिहायला हरकत नाही. गिऱ्हाईक येईल, निदान मी तरी जाईन.

तेलाबद्दल थोडक्यात. वारंवार तापवलेल्या तेलातले घातक घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा केंद्राचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. गिऱ्हाइकाकडे ते मोजण्याचे यंत्र नसते, पण काळसर, फेसाळ तेलात न्हालेला मासा डोळ्यांना कळतो. कालवण मागवले तर हा प्रश्नच उरत नाही.

मासे आणि दूध एकत्र खाल्ले तर कोड फुटते का, असे विचारणारी पत्रे नेहमी येतात. कोड हा त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी नष्ट होण्याचा विकार आहे. मासे-दुधाशी त्याचा संबंध नाही. नंतर मुलांना आइस्क्रीम घेऊन द्यायला हरकत नाही.

राहता राहिला काटा. रोहूचे काटे बारीक, दुपेडी आणि फसवे. मंद दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत आणि गप्पांची लय यांत ते हमखास निसटतात. मालकाला सांगून टेबलावरचा दिवा मोठा करून घ्यावा. काटा घशात अडकलाच तर भाकरीचा कोरडा घास किंवा केळे गिळण्याचा उपाय आजूबाजूचे सगळे सुचवतील, तो करू नये. काटा त्याने आणखी खोल रुततो. बोटे घालूनही काढू नये. थुंकी गिळताना टोचतच राहिले, लाळ गळू लागली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर रात्री किती का वाजेनात, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना उठवावे.